इंग्रजी साहित्य: विषय ठेवावा की सोडावा?

निफाड तालुक्यातल्या एका गावातून रोज एस.टी.ने नाशिकला येणाऱ्या एका विद्यार्थिनीचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेत आहे. त्यांच्या विनंतीवरून त्यांचे नाव दिलेले नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या या विद्यार्थिनी सध्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात असून जूनमध्ये त्यांना मुख्य विषय निश्चित करायचा आहे. घरी द्राक्षबाग असल्याने छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत त्यांचे तास बुडतात. पहिल्या सत्रात इंग्रजीच्या पेपरला गुण चांगले पडले, पण ते गाइड पाठ करून पडले. नेमलेली कादंबरी आपण उघडूनही पाहिली नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुली भराभर बोलू लागल्या की आपण इथे कशाला आलो, असे त्यांना वाटते. त्यांच्या मामांचे मत असे की भूगोल घ्यावा, तो स्पर्धा परीक्षांना उपयोगी पडतो. इंग्रजी साहित्य म्हणजे परक्यांच्या गोष्टी वाचणे, असे ते म्हणतात. विषय ठेवावा का, ठेवला तर वाचावे कसे आणि पुढे त्याचे करायचे काय, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत. शेवटी त्यांनी एका ओळीत शब्दकोशाबद्दलही विचारले आहे.

पहिल्या प्रश्नावर माझे मत आधीच सांगतो. विषय ठेवावा, याकडे माझा कल आहे. मात्र जूनमध्ये अर्ज भरण्याआधी तुम्ही एक कादंबरी आणि एक नाटक गाइडशिवाय, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे आणि मगच निर्णय घ्यावा. तुम्ही आजवर या विषयाचा अभ्यास केलेलाच नाही, परीक्षा तेवढी दिली आहे. जो विषय अजून करून पाहिला नाही तो आवडतो की नाही, हे आज ठरवता येणार नाही. गाइडवर उत्तीर्ण होणारे विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याचे काही वाटत नाही. तुम्हाला वाटते, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट मात्र आरंभीच स्पष्ट झाली पाहिजे. सफाईने इंग्रजी बोलता यावे एवढ्याचसाठी कोणी हा विषय घेत असेल, तर त्याने तो घेऊ नये. संभाषण हे वेगळे कौशल्य आहे. ते बोलूनच येते आणि त्यासाठी तीन-चार वर्षे जुन्या कवितांवर खर्च करण्याची गरज नाही. उलट जिला इंग्रजी सहज बोलता येते तिला चारशे वर्षांपूर्वीचे नाटक आपोआप समजते, असेही नाही. शेक्सपिअरचा मृत्यू १६१६ साली झाला. त्याच्या वाक्यांपुढे इंग्रजी माध्यमाची मुलगी आणि तुम्ही बऱ्याच अंशी सारख्याच अडखळता. फरक एवढाच की तुम्हाला अडखळल्याचे कळते, आणि तिला पुष्कळदा शब्द ओळखीचे वाटल्यामुळे अर्थही कळला असे वाटत राहते. उत्तरपत्रिका तपासताना हे मला वारंवार दिसत आले आहे: वाक्यरचना निर्दोष, हस्ताक्षर सुंदर आणि नेमलेल्या उताऱ्याविषयी एकही शब्द नाही. साहित्याच्या पेपरला लागते ते सावकाश वाचणे, आणि सावकाश वाचण्याची सवय मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला नाइलाजाने का होईना, लागलेली असते.

‘परक्यांच्या गोष्टी’ या मामांच्या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. १८३५ साली मेकॉले या ब्रिटिश अधिकाऱ्याने शिक्षणाविषयीचे आपले टिपण लिहिले तेव्हा त्याच्या मनात या देशातल्या विद्यार्थ्यांचे भले एवढाच हेतू नव्हता, हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि इंग्रजी ग्रंथांचा अभ्यास आपल्याकडच्या पदवी शिक्षणाचा भाग झाला. त्या काळात खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य हा पदवीचा स्वतंत्र विषय नव्हता. तो तिथे १८९४ साली आला, आणि केंब्रिजमध्ये त्याची स्वतंत्र परीक्षा सुरू व्हायला १९१७ साल उजाडले. लॅटिन आणि ग्रीक शिकलेल्यांना आपल्याच भाषेतल्या कविता-कादंबऱ्या हा काही विद्यापीठात शिकवायचा विषय वाटत नव्हता. वर्गात ज्याच्यामुळे तुम्हाला अवघडल्यासारखे होते, तो विषय त्याच्या मायदेशी बराच काळ दाराबाहेर उभा होता.

आणि आपल्याकडच्या माणसांनी त्या विषयाचे काय केले, हेही मामांना सांगता येईल. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. त्या तुरुंगवासात आगरकरांनी शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ मराठीत आणण्याचे काम केले आणि ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे या दोन्ही ज्ञानपीठ विजेत्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षे महाविद्यालयांत इंग्रजी शिकवले आणि लिहिले ते मराठीत. या मंडळींनी इंग्रजी साहित्य परके म्हणून टाकले नाही आणि पूज्य म्हणून डोक्यावरही घेतले नाही. तुम्ही ज्या शहरात शिकता त्या शहरातले उदाहरण तर सर्वांत जवळचे आहे, पण त्याकडे नंतर येतो, कारण ते वाचण्याच्या पद्धतीशी निगडित आहे.

आता दुसरा प्रश्न, वाचावे कसे. पत्रात तुम्ही एक वाक्य लिहिले आहे: ‘त्या पुस्तकातले काहीच माझ्या ओळखीचे नसते.’ हे वाक्य तपासून पाहावे असे मला वाटते. जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी अनेक अभ्यासक्रमांत असते, म्हणून तीच घेऊ. ती १८१३ साली प्रसिद्ध झाली. बेनेट कुटुंबात पाच मुली आहेत, मुलगा नाही, आणि घराण्याची मालमत्ता पुरुष वारसालाच जाईल अशी कायदेशीर तजवीज आधीच करून ठेवलेली आहे. त्यामुळे वडिलांचे डोळे मिटले की घर आणि जमीन कॉलिन्स नावाच्या दूरच्या भावाकडे जाणार आणि आई व मुली बाहेर पडणार. गाइडमध्ये ही माहिती अर्ध्या ओळीत येते आणि मिसेस बेनेट हे ‘विनोदी, उथळ पात्र’ म्हणून निकालात निघते. तिच्या बोलण्यातला उथळपणा खरा आहे, लेखिकेने तो मुद्दाम रंगवला आहे. पण ज्या घरात सातबाऱ्यावर कोणाचे नाव लागते यावर जेवतानाही बोलणे होते, त्या घरातल्या मुलीला त्या बाईची घाई एवढी हास्यास्पद वाटणार नाही. शार्लट ल्यूकस ही नायिका एलिझाबेथ बेनेटची सत्तावीस वर्षांची मैत्रीण त्याच कंटाळवाण्या कॉलिन्सशी लग्न करायला तयार होते, तेव्हा तिच्या भावांना हायसे वाटते, कारण अविवाहित बहीण आता जन्मभर आपल्यावर पडणार नाही. हा तपशील कादंबरीत एका वाक्यात येऊन जातो. गाइड लिहिणाऱ्यांना तो महत्त्वाचा वाटत नाही. तुम्ही तिथे नक्की थांबाल.

मात्र ओळखीचे काही सापडले की काम संपले, असे समजू नका. माझ्या अनुभवात मराठी माध्यमातून आलेले चांगले विद्यार्थी नेमके या ठिकाणी घसरतात: ‘आपल्याकडेही असेच असते’ असे लिहून ते उत्तर संपवतात. आपल्याकडे तसेच नसते, आणि ते कसे वेगळे आहे हे सांगण्यात अभ्यास आहे. बेनेटच्या मुलींना कायद्यानेच वाटा नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क मिळाला. तरीही गावोगाव बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे कायदा आडवा येतो, इथे कायदा बाजूने असून रीत आडवी येते. दुसरीकडे, एलिझाबेथ लग्नाच्या दोन मागण्या स्वतःच्या तोंडाने नाकारते आणि वडील एका वेळी तिची पाठराखण करतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलीला याबाबतीत जेवढी मोकळीक होती तेवढी आजही आपल्याकडच्या अनेक घरांत नसते. साम्य आणि फरक यांची अशी उलटसुलट मांडणी तुमच्या उत्तरात आली, तर परीक्षक ते उत्तर दुसऱ्यांदा वाचेल.

नाटकासाठी तुम्ही शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ घ्यावे असे सुचवतो, आणि इथे नाशिकचे उदाहरण येते. कुसुमाग्रजांचे, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले आणि त्याची प्रेरणा लिअरमध्ये आहे हे सर्वश्रुत आहे. शिरवाडकर नाशिकच्या हंप्राठा महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. ‘मॅक्बेथ’ आणि ‘ऑथेल्लो’ ही नाटकेही त्यांनी मराठीत आणली. तुम्ही ‘नटसम्राट’ पाहिले किंवा वाचले असेलच. नसल्यास आधी ते वाचा आणि त्यानंतर मूळ लिअर घ्या. भाषा अवघड लागली तर विंदांनी केलेला ‘राजा लिअर’ हा अनुवाद शेजारी ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. पण वाचताना एक प्रश्न सतत मनात ठेवा: शिरवाडकरांनी काय बदलले? लिअरला तीन मुली आहेत, ‘नटसम्राट’चे नायक बेलवलकर यांना एक मुलगा आणि एक मुलगी. लिअरची राणी रंगमंचावर येत नाही, त्या मुलींची आई नाटकात नाहीच. बेलवलकरांच्या सोबत मात्र त्यांची पत्नी कावेरी आहे. लिअर राज्य वाटतो, बेलवलकर आयुष्यभराची कमाई वाटतात. शेक्सपिअरची धाकटी कॉर्डेलिया, जी बापाला खुशामतीचे शब्द देत नाही आणि तरी अखेर त्याच्यासाठी परत येते, तिच्यासारखे अपत्य मराठी नाटकात नाही. मग तिच्या वाट्याचे प्रेम नाटककाराने कोणाकडे सोपवले? कावेरीकडे, असे माझे उत्तर आहे. तुमचे वेगळे असू शकेल आणि ते पुराव्यानिशी मांडले तर तेही बरोबर ठरेल. गणिताच्या पेपरात ही सोय नसते. एक सावधगिरी: विद्यापीठाच्या पेपरात प्रश्न लिअरवर असेल तेव्हा उत्तर लिअरवरच लिहा; ‘नटसम्राट’चा उल्लेख शेवटी दोन-तीन ओळींत पुरे.

प्रत्यक्ष वाचनाबद्दल काही व्यवहाराच्या गोष्टी. कादंबरीची पहिली चाळीस-पन्नास पाने जड जातात, ती सर्वांनाच जातात. त्या पानांत प्रत्येक अडलेल्या शब्दाला थांबलात तर पुस्तक पूर्ण होणार नाही. शब्द तिसऱ्यांदा आडवा आला की अर्थ पाहावा, तोवर पेन्सिलने खूण करून पुढे जावे. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला पात्रांची नावे आणि नाती लिहून ठेवावीत, कारण इंग्रजी कादंबरीत एकाच माणसाला कोणी आडनावाने, कोणी पाळण्यातल्या नावाने हाक मारतो आणि नवा वाचक गोंधळतो. प्रकरण संपले की दोन वाक्ये मराठीत लिहावीत: काय घडले आणि काय खटकले. ‘काय खटकले’ हे वाक्य लिहिण्याचा कंटाळा करू नये. सहा महिन्यांनी तुमच्या उत्तराचा मुद्दा त्यातून निघणार आहे. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये. टिपा असलेली पूर्ण आवृत्ती घ्यावी, ती जुनी आणि फाटकी असली तरी चालेल.

पुस्तकांच्या खर्चाची चिंता तुम्ही व्यक्त केली आहे, तीही फारशी टिकणारी नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होते; त्यामुळे तुमच्या अभ्यासक्रमातला पुष्कळसा भाग, शेक्सपिअर, ऑस्टिन, डिकन्स, हार्डी, एवढेच काय ऑरवेलसुद्धा, विनामूल्य आणि कायदेशीररीत्या मिळतो. प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा उपक्रम १९७१ पासून हेच काम करतो आहे आणि त्यावरची पुस्तके मोबाइलवर उतरवून घेता येतात. लिब्रिवॉक्स या संकेतस्थळावर अशाच पुस्तकांचे स्वयंसेवकांनी केलेले ध्वनिमुद्रण मोफत ऐकता येते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, आपले सावाना, १८४० पासून उभे आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जे मिळत नाही ते तिथे विचारून पाहा. मराठी भाषांतरे तर तिथे आधी शोधावीत.

ध्वनिमुद्रणाचा उल्लेख केला तो केवळ एस.टी.तला वेळ सत्कारणी लागावा म्हणून नाही. इंग्रजी कविता आपल्या विद्यार्थ्यांना नीरस वाटते याचे एक कारण कानाशी संबंधित आहे. आपली वृत्ते लघु-गुरूवर चालतात, ओवी आणि अभंग अक्षरांच्या मोजणीवर. इंग्रजी ओळ चालते ती आघातावर. शेक्सपिअरची नेहमीची ओळ साधारण दहा अवयवांची (सिलेबलांची) असते आणि त्यांतल्या एकाआड एक अवयवावर जोर येऊन पाच ठोके पडतात. मराठी बोलताना आपण सगळी अक्षरे जवळजवळ सारख्या वजनाने उच्चारतो आणि इंग्रजी कविताही तशीच वाचतो, त्यामुळे ठोके नाहीसे होतात आणि उरते ते सपाट गद्य. हे समजावून घेण्यासाठी छंदांच्या व्याख्या पाठ करणे व्यर्थ आहे. एखादे सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, घ्यावे, ध्वनिमुद्रण ऐकावे, मग घरी कोणी नसताना टेबलावर बोटाने ठोका देत मोठ्याने वाचावे. आठवडाभरात फरक पडतो. ज्या ओळीत कवीने ठोका मुद्दाम चुकवला आहे ती ओळ जेव्हा कानाला आपोआप टोचेल, तेव्हा तुम्हाला छंदाबद्दल लिहिण्यासारखे काही मिळाले असे समजा.

बसचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक नाव सुचवतो. भारतीय इंग्रजी साहित्याच्या पेपरात बहुधा अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ (१९७६) भेटेल. या संग्रहाची पहिलीच कविता जेजुरीला निघालेल्या एस.टी.च्या बसमधली आहे. तुमच्या ओळखीचे जग त्यात ओतप्रोत आहे: खिडक्यांना बांधलेली ताडपत्री, समोरच्या म्हाताऱ्याचा चष्मा. मात्र त्या कवितांतला यात्रेकरू खंडोबाला गेलेल्या तुमच्या घरच्यांसारखा नाही. तो आत जाऊन काय पाहतो आणि काय मागत नाही, ते बारकाईने पाहा. हा लेखक मराठीतही तेवढ्याच ताकदीने लिहीत होता, हे त्याला वाचताना लक्षात ठेवावे.

गाइडचे काय करायचे, हे आता सांगतो. ते फेकू नका. छाटणीच्या दिवसांत सत्र परीक्षा आली आणि दोन आठवडे वर्ग बुडाले, तर गाइडचा आधार लागेल आणि त्यात पाप नाही. फक्त क्रम बदला: मूळ पुस्तक आधी, तुमची दोन-दोन वाक्ये त्यानंतर, आणि गाइड सर्वांत शेवटी, आपल्याकडून काय निसटले ते पाहण्यापुरते. मोबाइलवरच्या चॅटजीपीटीसारख्या साधनांनाही हाच नियम लावा आणि एक जास्तीची खबरदारी घ्या: ती साधने कधी कधी मूळ पुस्तकात नसलेली अवतरणे अगदी आत्मविश्वासाने देतात. अवतरण पुस्तकात स्वतः शोधून सापडल्याशिवाय ते उत्तरपत्रिकेत उतरवू नका. उत्तर लिहिताना लेखकाचे चरित्र आणि कथानकाचा सारांश यांत पहिली दोन पाने घालवण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे, ती सोडून द्या. प्रश्नाचे उत्तर पहिल्या परिच्छेदात द्यावे, मूळ संहितेतल्या एक-दोन ओळी उद्धृत कराव्यात आणि त्या ओळींतून ते उत्तर कसे निघते, हे साध्या इंग्रजीत सांगावे. तुमचे इंग्रजी साधे आहे म्हणून गुण जात नाहीत. दुसऱ्याचे अलंकारिक इंग्रजी तुमच्या नावावर आले की तपासणाऱ्याला ते ओळखू येते, कारण त्याच गठ्ठ्यात तोच परिच्छेद त्याने आधी कितीदा तरी वाचलेला असतो.

वर्गातल्या बोलण्याबाबत थोडक्यात. प्राध्यापकांना प्रश्न मराठीत विचारायला लाजू नका, पण विचारण्याआधी तोच प्रश्न वहीत इंग्रजीत लिहून काढा. काही महिन्यांनी तुम्ही तो वहीतून वाचून दाखवाल, आणि त्यानंतर वही लागणार नाही.

तिसरा प्रश्न पोटापाण्याचा आहे आणि तिथे मी गोड बोलणार नाही. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे तर एम.ए.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) गुण आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे, हा नेहमीचा मार्ग आहे. नेटच्या पहिल्या पेपरात ५० आणि इंग्रजीच्या दुसऱ्या पेपरात १०० वस्तुनिष्ठ प्रश्न असतात, एकूण ३०० गुणांसाठी. महाराष्ट्रातली सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेते. परीक्षा उत्तीर्ण होणे हा सोपा भाग आहे. त्यानंतर कायम जागेची वाट पाहणे हा कठीण भाग आहे, आणि अनेक पात्र माणसे तासिका तत्त्वावर, सुट्टीत बिनपगारी, वर्षानुवर्षे काम करत आहेत. हे चित्र माहीत असूनच त्या वाटेने जावे. शाळेत शिकवायचे असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचे बी.एड. आणि शिक्षक भरतीच्या परीक्षा आहेत. ग्रामीण भागातल्या शाळांना मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण आतून जाणणारा इंग्रजीचा शिक्षक हवाच असतो, आणि तुमच्याबाबतीत मला ही वाट अधिक भरवशाची वाटते. शिक्षणक्षेत्राबाहेर भाषांतर, उपशीर्षके, प्रकाशन, वृत्तमाध्यमे आणि कंपन्यांसाठीचे लेखन ही कामे आहेत. त्यांत मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट लिहिणाऱ्याला मागणी असते. मात्र त्यासाठी मराठीही घासूनपुसून ठेवावी लागते, ती येतेच असे गृहीत धरून चालत नाही.

स्पर्धा परीक्षेबाबत मामांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. भूगोल सामान्य अध्ययनात उपयोगी पडतो, हे खरे. पण यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इंग्रजी साहित्य हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, आणि तुम्ही पदवीला कोणता विषय घेतला यावर तुमचा वैकल्पिक विषय अवलंबून नसतो. राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता त्याच धर्तीवर वर्णनात्मक झाली आहे. मुद्दा मांडून, पुराव्यासह, ठरावीक वेळेत निबंध लिहिण्याची सवय दोन्हीकडे लागते आणि ती कोणत्या विषयाने अधिक लागेल, याचा विचार मामांसोबत बसून करावा. घरच्या कामामुळे पुढे नियमित एम.ए. करणे जमले नाही, तर इग्नूचे आणि आपल्या नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे दार उघडे आहे. पहिल्याच वर्षी चौथ्या वर्षाची आणि त्यातून मिळणाऱ्या ऑनर्स पदवीची काळजी करण्याचे कारण नाही. तो निर्णय तिसऱ्या वर्षाचे निकाल हातात आल्यावर घेता येतो.

दोन्ही पुस्तके वाचून झाल्यावरही, कंटाळा हीच मुख्य भावना उरली, तर विषय खुशाल बदला. त्यात मराठी साहित्याचा पर्याय भूगोलाच्या आधी पाहा, कारण वाचण्याची ही सगळी मेहनत तिकडे जशीच्या तशी कामाला येईल. बदलाची मुदत आणि श्रेयांकांचे नियम महाविद्यालयाच्या कार्यालयात मे महिन्यातच विचारून ठेवा. जूनच्या गर्दीत तिथे कोणी नीट उत्तर देत नाही.

शब्दकोशाचे विचारलेत. इंग्रजी–मराठी कोशावर अवलंबून राहू नका. परभाषक विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी–इंग्रजी कोश घ्या, ऑक्सफर्डचा ‘अॅडव्हान्स्ड लर्नर्स’ चांगला आहे. त्यातले अर्थ सुमारे तीन हजार सोप्या शब्दांच्या मर्यादेत सांगितलेले असतात, त्यामुळे एका शब्दासाठी दुसरा शब्द शोधत बसावे लागत नाही. नवी आवृत्तीच हवी असा आग्रह नको, दोन आवृत्त्या मागची प्रत निम्म्याहून कमी किमतीत मिळाली तर तीच घ्या. शेक्सपिअरसाठी मात्र हा कोश पुरणार नाही. तिथे पानाखालच्या टिपाच पाहाव्या लागतात.